दौंडपर्यंत पुरणारी गोष्ट

बारामतीहून सुटलेल्या पॅसेंजरमध्ये, शिर्सुफळ स्टेशन यायच्या आत, मी एका अनोळखी बाईला ती वाचत असलेल्या गोष्टीचा शेवट सांगून टाकला. तिनं विचारला नव्हता. ती बिचारी खिडकीशी बसून, कागदावर बोट ठेवून वाचत होती आणि ते बोट गोगलगायीच्या चालीनं सरकत होतं. मला दुसऱ्याचं सावकाश वाचणं बघवत नाही. मी हसत हसत तिला म्हटलं, "वाचताय का दळण निवडताय?" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हटलं, "अहो, एवढं काय शोधताय, लाडू नवरदेवानंच खाल्लेत."

बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं. कागदाची चौपदरी घडी घातली, पिशवीत ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पुढचे पाच आठवडे तिनं एक अक्षर वाचलं नाही.

आता मी कोण, तर तीस वर्षं इंदापूर तालुक्यात पोरांना कान धरून वाचायला शिकवलेली मास्तरीण. म्हणजे ज्या कामाचं पेन्शन खात होते, तेच काम मी एका वाक्यात उलटं करून दाखवलं. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, तशी पोरसवदाच. अक्कल यायला अवकाश होता. आता त्र्याहत्तर चालू आहे, थोडीथोडी येऊ लागली आहे.

हे सगळं घडलं तेव्हा त्या लाडूच्या गोष्टीचे लेखक त्याच डब्यात दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. ते किसनतात्या. खरं तर मला त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे, पण सवयीप्रमाणे मी आधी मध्ये घुसले.

किसनतात्या मूळचे वरकुट्याचे. वालचंदनगरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. इन्स्पेक्टर म्हटल्यावर लोक सावरून बसत, मग तात्या खुलासा करत, की आपण माणसं पकडणारे न्हाय, माप पकडणारे. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा. मापात बसला तर हिरवा ठिपका, नाही बसला तर लाल. या दोन ठिपक्यांवर त्यांनी नोकरी काढली आणि निवृत्त होऊन बारामतीला राहायला आले. बाकीचे निवृत्त लोक सकाळी फिरायला जातात, संध्याकाळी बाकावर बसून सुनांबद्दल बोलतात. तात्या रेल्वेत बसून वाचायच्या गोष्टी लिहू लागले.

दर मंगळवारी सकाळच्या गाडीला ते हजर. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत त्या आठवड्याच्या गोष्टीच्या झेरॉक्स. गाडी हलली की हे वाटत सुटत. "गोष्ट घ्या. दौंडपर्यंत पुरंल." फुकट आहे म्हटल्यावर लोक संशयानं बघत. एकानं विचारलं, निवडणुका लागल्या का. दुसऱ्यानं कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, शेवटी कुठलं औषध घ्यायला सांगताय ते आधीच सांगा. तात्या शांतपणे म्हणत, "औषध न्हाय. वाचा. मापात हाय."

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असे: लांबी, बारामती ते दौंड. टॉलरन्स, एक मिनिट मागंपुढं.

मी दर मंगळवारी त्या गाडीनं का जायची, तर दौंडला माझी धाकटी बहीण राहते आणि तिच्याशी भांडण फोनवर नीट होत नाही. पहिल्या मंगळवारी तात्यांनी मला कागद दिला तेव्हा मी काय केलं असेल? पर्समधून लाल पेन काढलं. गाडी कटफळला पोचेपर्यंत मी ती गोष्ट वाचून, तपासून, खाली "प्रयत्न चांगला आहे, हस्ताक्षर सुधारावे" असा शेरा मारून परत केली. सहीसकट. तात्यांनी कागद उजेडाला धरला. लाल खुणा बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाई, आमच्यात लाल म्हंजी माल भंगारात. माप कुठं चुकलं तेवढं सांगा." मी म्हटलं माप नाही, व्याकरण. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "मंग चालतंय," म्हणाले, "व्याकरणानं गाडी अडत न्हाय."

तात्यांना 'सुमारे' हा शब्द चालत नसे. त्यांच्या गोष्टीत कुणी सुमारे काही करत नाही. एक प्रेमकथा लिहिली होती, तीत नायक नायिकेपासून साडेचारशे मिलिमीटरवर बसतो आणि नायिका लाजून ते अंतर तीनशेवर आणते. आईच्या डोळ्यांत पाणी येतं ते प्रत्येकी दोन थेंब. एका भुताची उंची सहा फूट दोन इंच दिली होती आणि पाय उलटे असल्यानं उंचीत फरक पडत नाही, असा वर खुलासा केला होता. मी म्हटलं, "तात्या, भूत मोजायला कोण गेलं होतं?" ते म्हणाले, "मोजलं न्हाय तर लोकं भितील कशी? आंधळं भ्या काय कामाचं?"

त्यांचे नियमही होते. कटफळच्या आधी गोष्टीत कुणाला मारायचं नाही, कारण माणूस नुकता बूड टेकून बसलेला असतो, त्याच्या घशाखाली चहा जायचा असतो. शिर्सुफळच्या पुढं कुणाला रडवायचं नाही, कारण सामान उतरवायला डोळे कोरडे लागतात. दौंडच्या बाहेर सिग्नल मिळाला नाही तर गाडी खोळंबते, त्यासाठी शर्टाच्या खिशात आठ ओळींची एक वेगळी गोष्ट असे. तिला ते सिग्नलची गोष्ट म्हणत. ती गाडी थांबल्याशिवाय खिशातून निघत नसे. एकदा एका कॉलेजच्या मुलीनं फार आग्रह केला, चालत्या गाडीत ती गोष्ट द्या म्हणून. तात्यांनी नाही दिली. म्हणाले, "थांबल्याली गोष्ट हाय, चालत्या गाडीत वाचली तर चक्कर यील."

दौंडला बहुतेक कागद गोळा होत. घरी नेऊन तात्या त्यांना इस्त्री करत. होय, इस्त्री. पुढच्या खेपेला कुणी नवा उतारू भेटला तर त्याला जुनी गोष्टही कडक घडीची मिळाली पाहिजे. चटणीचा डाग पडलेले कागद बाजूला काढत आणि त्यावर खडू चोळून तेल टिपून घेत. एका कागदावर बोंबलाचा वास राहिला होता, तो त्यांनी तीन दिवस उन्हात टाकला होता.

एका बाबतीत मात्र सगळा डबा तात्यांच्या विरोधात होता. गोष्ट दौंडपर्यंत पुरते असं ते सांगत आणि ती कटफळलाच संपे. कुणाचीही. गुळाचे अडते होते, ते चष्मा विसरून आले तरी त्यांची शिर्सुफळच्या आत संपे. पुढं उरलेल्या वेळाचं काय करायचं? लोक तक्रार करत. मी तर त्यांची चेष्टाच आरंभली होती. म्हणायची, तात्या, तुमची दौंडची गोष्ट दर वेळी कटफळला उतरून जाते, तिला तिकीट तरी तेवढंच काढा. तात्या घड्याळ बघत म्हणत, "तुमी घाईनं वाचताय. गोष्ट मापात हाय." आणि विलक्षण म्हणजे पुढच्या मंगळवारी गोष्ट आणखी चार ओळींनी आखूड होऊन येई.

पस्तीस वर्षं माप धरणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या गोष्टीचं माप धरता येत नाही, यावर मी डब्यात छोटेखानी व्याख्यान दिल्याचं आठवतं. टाळ्याही मिळाल्या होत्या. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच टाळ्या मला अशा चुकीच्या वेळी मिळाल्या आहेत.

तर तो लाडूचा मंगळवार. गोष्ट अशी होती, की नरसिंहपूरला एका लग्नात बुंदीचे एकशे एक लाडू नाहीसे होतात आणि मांडवातला प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या मिशांना कळ्या चिकटल्यात का बघत फिरतो. तात्यांची सगळ्यात चांगली गोष्ट. मी कटफळला संपवली, दोनदा हसले, आणि सांगायला कुणी सापडेना म्हणून खिडकीशी बसलेल्या त्या बाईशेजारी जाऊन टेकले. डब्यातल्या प्रत्येकाची कुंडली मला पाठ होती. फक्त या बाईची नव्हती, कारण ती कुणाशी बोलत नसे. गाडी सुटायच्या बेताला चढायची, कोपऱ्यात बसायची, दौंड आलं की पदर सावरून उतरायची. हिरवं काठापदराचं पातळ, कपाळावर गोंदण. बाकी मी काय दिवे लावले ते वर सांगितलंच आहे.

पुढच्या मंगळवारी तिनं तात्यांच्या हातून कागद घेतला, पण न उघडता मांडीवर ठेवला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तसंच. मला वाईट वाटलं का? नाही. मला वाटलं, बाईला आवड नसेल.

बदल मला दिसला तो तात्यांमध्ये. आधी गोष्टीतल्या बैलाला शिंगं मोजून आली नाहीत. मग नायकाची उंची 'बरी' होती असं आलं. बरी! किसनतात्यांच्या गोष्टीत! चौथ्या मंगळवारी कागदांना इस्त्री नव्हती. पाचव्या मंगळवारी मी स्टेशनावर पोचले तर तात्या बाकावर बसले होते आणि खांद्याला पिशवी नव्हती.

मी विचारलं, आजची गोष्ट कुठं. म्हणाले, "उत्पादन बंद."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि खोदायला सुरुवात केली. खोदण्यात माझा हात कुणी धरणार नाही, माझी बहीणसुद्धा कबूल करते. थोड्या वेळानं तात्यांनी फलाटाच्या टोकाकडं हनुवटीनं दाखवलं. तिकडं ती हिरव्या पातळाची बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"ती आमची हौसा," म्हणाले.

मी म्हटलं, नवराबायको असून गाडीत दोन टोकांना बसता? तर म्हणाले, पहिल्यापासून तसंच, आईबापांसमोर शेजारी बसायची पद्धत नव्हती, आता आईबाप नाहीत पण जागा ठरून गेल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. तात्यांच्या वडिलांनी छप्पन सालानंतर घरातला देव्हारा उतरवला आणि त्या जागी पुस्तकांची फळी ठोकली. या घरात आता कुणी अंगठा उठवायचा नाही, असा त्यांचा हुकूम. हौसाबाई त्या घरात सून म्हणून आल्या त्या नदीकाठच्या गावातून, म्हशी राखणं सोडून दुसरं काही न शिकता. सासऱ्यानं पहिल्याच आठवड्यात पाटी आणून पुढ्यात ठेवली. दुसऱ्या महिन्यात सासरा गेला. मग पोरंबाळं, शेत, मग वालचंदनगरची क्वार्टर. पाटी फळीवर राहिली ती राहिलीच. तात्या निवृत्त झाल्यावर एकदा ती खाली काढून बायकोपुढं ठेवायला गेले. हौसाबाई म्हणाल्या, नातवंडांच्या वयात गिरवायचं ते आजीच्या वयात गिरवलं तर आळीतल्या बाया हसतील. पाटी परत फळीवर.

पुढं ते दोघं दर मंगळवारी दौंडला लेकीकडं जाऊ लागले. आणि एकदा डब्याच्या दुसऱ्या टोकावरून तात्यांना दिसलं, की गाडी कटफळला थांबल्यावर हौसाबाई स्टेशनच्या पाटीकडं बघून ओठ हलवतायत. क, ट, फ, ळ. मी मास्तरीण आहे, ते ऐकताना मीही ती अक्षरं मनात गिरवली. कटफळ. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. पहिलीच्या पोरासाठीच बांधलेलं स्टेशन. नातीच्या पुस्तकातून चोरून चार अक्षरं शिकल्या होत्या आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"मी बी बघितलं न्हाय असं दावलं," तात्या म्हणाले. "म्हटलं हिला वाचायला कायतरी पायजे. पर एकटीला दिलं तर कळणार, की ह्यो शिकवाया बसला. मंग समद्या डब्याला द्यायचं. समदी वाचत्यात तर हिनं बी घेतला कागद, कुणाचं काय जातंय?"

मी पर्समधलं लाल पेन चाचपलं आणि आणखी खोल ढकललं.

म्हणजे दीड वर्ष आम्ही सगळे, गुळाचे अडते, कॉलेजच्या पोरी, दौंडचे रेल्वेवाले आणि प्रयत्न चांगला आहे म्हणणारी मी, एका बाईच्या वाचनाला आडोसा म्हणून बसलो होतो. स्टॉपवॉच हौसाबाईंच्या बोटावर लावलेलं असे. गोष्ट त्या बोटाच्या मापाची. आमची कटफळला संपायची हा आमचा दोष. आणि तरीही बोट मागं पडे, दौंड येई, हौसाबाई अर्धी गोष्ट घडी घालून उतरत. घरी नेऊन कधी पुढं वाचत नसत, घरी वाचलं तर नवऱ्याला कळेल ना. म्हणून तात्या दर आठवड्याला चार ओळी कापत.

"लाडवाच्या दिवशी बोट घड्याळाच्या फुडं चाललं हुतं," तात्या म्हणाले. "पयल्यांदाच. त्या दिवशी ती शेवटाला पोचणार हुती. म्या दौंडला पेढे घ्यायचं ठरवलं हुतं, कशाचे ते न सांगता. आन् म्या घड्याळावर डोळा लावून हुतो तवर मधीच तिनं कागद मिटला. लई इचारलं, तर म्हणती, शेवट कळला, आता वाचून काय करायचं. लोकं घटकंत वाचत्यात, मी आपली अक्षरं उकरत बसती. कुणीतरी शेवट सांगितला बाई तिला. कोण ते सांगत न्हाय. सापडला तर त्याची जीभ मापाच्या गेजला लावून बघणार हाय मी."

मी म्हटलं, "लावायलाच पाहिजे."

मग म्हटलं, "तात्या, मीच ती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कारखान्यात कुठल्याशा भागाकडं बघत असतील तसं, सगळ्या बाजूंनी. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला ओरडून घ्यायची सवय आहे. ते एवढंच म्हणाले, "तुमी तर मास्तरीण."

गाडी आली. मी दारातूनच त्यांना म्हटलं, पुढच्या मंगळवारी एक गोष्ट पाहिजे. ते म्हणाले, हात चालत नाही. मी म्हटलं, चालवा, म्हशीवर लिहा. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "लिवतो. पर म्हस मारायची न्हाय. हौसाला म्हशीचं दुखणं सोसत न्हाय. लेकरावाणी राखल्यात तिनं."

हे त्यांनी सांगायला नको होतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं, त्याला शिक्षणशास्त्रात नाव नाही.

पुढच्या मंगळवारी तात्या पिशवी घेऊन आले. कागद कडक इस्त्रीचे. गोष्टीचं नाव चंद्री. चंद्री ही वरकुट्याची म्हैस, विकली जाऊन वालचंदनगरला एका फिटरकडं येते आणि दूध द्यायचं बंद करते. मी माझी नेहमीसारखी कटफळला गिळली. उठले, हौसाबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी मला ओळखलं आणि पदर आवरून खिडकीकडं सरकल्या. कागद मांडीवर मिटलेलाच होता.

मी त्यांच्याशी बोललेच नाही. समोरच्या रिकाम्या बाकाकडं बघून मोठा उसासा सोडला आणि म्हटलं, "अरेरे. मेली बिचारी चंद्री."

मग खिडकीकडून पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला.

"कशानं?"

"काय की," मी म्हटलं. "शेवटी मरते एवढंच लक्षात आहे. घाईत वाचलं मी."

"म्हस अशी सुदीमुदी मरत न्हाय," हौसाबाई म्हणाल्या. "काय खाल्लं तिनं? पोट फुगलं व्हतं का?"

"असेल. कागदात असेल लिहिलेलं."

"दूध कवा बंद केलं?"

"मला म्हशीतलं काय कळतंय? मी शाळेत होते."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जी बाई म्हशीच्या मरणाचं कारण न वाचता गोष्ट मिटते, तिच्या हातात पोरं कुणी दिली असतील. मग कागद उघडला. बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

मी मुद्दाम वळून बघितलं नाही, पण डब्याच्या दुसऱ्या टोकाला तात्या उभे होते ते दिसत होते. त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं. शिर्सुफळ आलं, गेलं. बोट पहिल्या पानाच्या मध्यावर. पाच आठवड्यांत सवय मोडली होती, आणि शिवाय बाई प्रत्येक ओळीला थांबून म्हशीची तब्येत तपासत होती. चारा बदलला तिथं मान हलवली. फिटरनं चंद्रीला साखर कारखान्याची मळी पाजली तिथं जिभेनं च्यक केलं. दौंड जवळ येऊ लागलं तशी डब्यात सामानाची हलवाहलव सुरू झाली, कुणाची तरी पेटी हौसाबाईंच्या गुडघ्याला लागली, त्यांनी गुडघा बाजूला घेतला आणि बोट तिथंच ठेवलं.

दौंड आलं. सगळे उतरले. तात्या कागद गोळा करायचे विसरले. अडत्यांनी कागद त्यांच्या हातात कोंबला, तो खाली पडला, त्यांनी उचलला नाही. मी बसून राहिले. बाहेर फलाटावर माझी बहीण उभी होती, तिनं खिडकीतून मला बघितलं आणि हातानं विचारलं, उतरायचं नाही का. मी तिला हातानं गप्प राहायला सांगितलं. या एका गोष्टीवर आम्ही पुढं दोन मंगळवार भांडलो.

डबा झाडणारी बाई झाडू घेऊन चढली. तात्या दारात उभे राहून दोन्ही हात आडवे करून तिला थांब थांब करू लागले, पुढं पूल वाहून गेल्यासारखे. ती म्हणाली, "आजोबा, गाडी संपली." तात्या म्हणाले, "गोष्ट चालू हाय." तिनं एकदा माझ्याकडं, एकदा खिडकीकडं बघितलं, काय समजली कोण जाणे, झाडू टेकवून बाकावर बसली.

हौसाबाईंनी पान उलटलं. आता त्या आवाजात वाचत होत्या, पुटपुटल्यासारखं, आणि आपण मोठ्यानं वाचतोय हे त्यांना कळत नव्हतं. चंद्री कुणालाच धार काढू देत नाही, तेव्हा फिटर तिच्या जुन्या मालकिणीचं लुगडं मागून आणतो आणि नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन म्हशीखाली बसतो, इथं आम्ही कुणी हसलो नव्हतो. मी तर गिळून पुढं गेले होते. हौसाबाई थांबल्या. बोट मागं नेलं, ओळ परत वाचली. आणि पदर तोंडावर धरून अशा हसल्या, की झाडणारी बाईही हसू लागली, कशाला ते न कळता. "त्यो पदर सावरतोय कसा," हौसाबाई तिला सांगू लागल्या, "आन् मिशा तशाच." मग परत बोट खाली.

शेवटच्या ओळीवर बोट आलं, पूर्णविरामावर थांबलं आणि उचललं गेलं. बाईंनी कागद उलटापालटा करून बघितला, वाचायचं आणखी काही राहिलंय का. नव्हतं.

तात्यांनी घड्याळाकडं बघितलंच नाही. ते घाईघाईनं दोन्ही पिशव्या उचलून खाली उतरले आणि आमच्याकडं पाठ करून, फलाटावरच्या वेळापत्रकासमोर जाऊन उभे राहिले, जणू कधी न पाहिलेली गोष्ट असावी.

हौसाबाईंनी कागदाची घडी घातली, माझ्या हाताचा आधार घेत उठल्या आणि दारापर्यंत आल्यावर तात्यांकडं एकदा बघून, आवाज खाली करून मला म्हणाल्या, "म्हस मेली न्हाय, बाई. दोन शेर दूध दिलंय तिनं, मी सोता वाचलंय. आन् एक सांगती, त्यास्नी बोलू नगा. समद्यांच्या कागदावर मुंग्यांवाणी अक्षरं असत्यात, आन् माज्याच कागदावर मुंगळ्यांवाणी, शाईनं लिवल्याली. मला काय कळत न्हाय व्हय? पर त्यास्नी वाटतंय मला ठाव न्हाय, म्हून दर आठवड्याला लिवत्यात. तुमची जीभ लई सैल हाय, तेवढी आवरा."